चार बोटं खाली

मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुमची माझी मैत्री वगैरे काही नाही. मी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. माणसं दार आपटतात, टायरला लाथा घालतात, काही बिघडलं की बोनेट उघडून तोंड वाकडं करतात आणि वर 'म्हातारीनं दगा दिला' म्हणून चारचौघांत सांगत सुटतात. चाळीसहून जास्त वर्षं मी हे ऐकून घेतलं आहे. आज मी बोलणार आहे आणि तुम्ही गुपचूप ऐकणार आहात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणी कौतुकाने घडवलं म्हणाल, तर तसं काही नाही. एकाने दार बसवलं, दुसऱ्याने बोल्ट आवळले, तिसऱ्याने निळा रंग फवारला आणि माझ्याकडे न बघता तो जेवायला गेला. माझ्या पुढच्या दोन चाकांमध्ये एक जाड आडवा लोखंडी दांडा होता आणि त्याला पोलादी पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बांधलेले होते. या व्यवस्थेत एक खोड होती. डाव्या चाकाखाली खड्डा आला की उजवं चाकही उगाच उडायचं, आणि चालवणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची. पण दांडा मजबूत होता. तो कधी वाकला नाही आणि मीही नाही.

मला विकत घेतलं एका काचवाल्याने. उतरत्या गल्लीच्या वरच्या टोकाला त्याचं काचांचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांच्या दर्शनी भागाच्या भल्यामोठ्या काचा, सगळं तो मोजून कापून जागेवर बसवून द्यायचा. माझ्या हौद्यात त्याने काचा उभ्या ठेवण्यासाठी एक लाकडी चौकट केली. तिला घरात सगळे घोडा म्हणत. मग त्याने एक उद्योग केला, ज्याचा मला तेव्हा फार राग आला होता. त्याने माझ्या मागच्या दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढून टाकला. त्यामुळे मी उभी असले की माझं नाक किंचित वर आणि मागचा भाग किंचित खाली. घोड्याच्या मागच्या टोकाला त्याने जाड रबराचा अडसर ठोकला. चढवलेली काच आपल्याच वजनाने त्या अडसराला टेकून बसायची. पुढच्या टोकाला, म्हणजे केबिनच्या बाजूला, नावापुरती एक बारीक पट्टी होती.

"काच मागं गेली तर काच जाते," तो मुलांना सांगायचा, "पुढं आली तर चालवणारा जातो."

त्या माणसाने मला चाळीस वर्षं चालवलं आणि एकदाही कचकन ब्रेक दाबला नाही. संध्याकाळी ज्या फडक्याने आरसे पुसायचा त्याच फडक्याने माझी समोरची काच पुसायचा. एवढ्या आयुष्यात मला आवडलेला तो एकच माणूस, आणि तोही शेवटी मेलाच.

त्याला दोन मुलं. थोरली मुलगी दुकानात बापाच्या हाताखाली शिकली. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची, मनातून घाबरून. धाकट्या मुलाला काचेचा कंटाळा. तो गल्लीच्या खालच्या टोकाला एका मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये कामाला लागला आणि तिथेच रमला. बाप आजारी पडला तेव्हा घरी ताई होती. शेवटच्या दिवशी धाकटा दुपारी पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दुकानाच्या दारात, माझ्यासमोर उभं राहून ताई त्याला म्हणाली, "आता कशाला आलास? गाडीखाली पडून राहायचं होतंस." तो म्हणाला, "मला कोणी नीट सांगितलं का?" ती म्हणाली, "सांगावं लागतं?" त्या दिवसापासून दोघांत विस्तव जात नव्हता. एकमेकांशी एक शब्द नाही, आणि तो प्रकार दोन वर्षं चालला.

बापाने कागदावर एकच ओळ लिहून ठेवली होती: गाडी दोघांची. भल्या माणसा, तुझी मुलं तुला ठाऊक नव्हती का? त्यांनी मला वाटून घेतलं. अक्षरशः. काचेवर खुणा करायच्या मेणाच्या पेन्सिलीने ताईने माझ्या केबिनच्या मागे एक पांढरी रेघ ओढली. रेघेच्या पुढचं सगळं, म्हणजे इंजिन, बोनेट आणि पुढची चाकं, धाकट्याचं. रेघेच्या मागचं, म्हणजे हौदा, घोडा आणि मागची चाकं, ताईचं. केबिन सामाईक. सोमवार ते शुक्रवार मी तिच्याकडे, शनिवार-रविवार त्याच्याकडे. निरोप असला तर चिठ्ठीवर लिहून समोरच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचायचा. गल्लीतले लोक येता-जाता ती रेघ बघून हसायचे. हसू त्यांना यायचं, शरम मात्र मला वाटायची.

चिठ्ठ्या तरी कसल्या! 'कळवण्यात येते की माझ्या हिश्श्याच्या इंजिनात आपण निष्काळजीपणे कमी पाणी ठेवले.' 'कळवण्यात येते की माझ्या हिश्श्याच्या हौद्यात आपल्या मित्रांचा कचरा आढळला.' सुरुवातीला दोघंही त्या वाचायचे. पुढे ताई पहिली ओळ वाचून चिठ्ठी चुरगाळायची आणि दाराच्या कप्प्यात कोंबायची. कप्पा गच्च भरला होता. कधी कधी दार उघडताना एखादा बोळा खाली पडायचा, तोही ती पायाने आत ढकलायची.

मग एका शनिवारी धाकट्याने मला गॅरेजमध्ये नेलं. तिथे तीन मोठी खोकी आधीच येऊन पडली होती. जुन्या गाड्यांना बसवण्यासाठी तयार मिळणारं, शर्यतीच्या गाड्यांसारखं पुढचं सस्पेन्शन. लाल रंगाच्या जाड स्प्रिंगा, त्यांच्या पोटात शॉक अॅब्सॉर्बर, चाकाला धरून ठेवणारे वरचे आणि खालचे पोलादी हात, नवं स्टिअरिंग आणि चकत्यांचे, म्हणजे डिस्कचे ब्रेक. मी त्या खोक्यांकडे बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या वयात मला नटवायला निघाला होता हा शहाणा!

त्याने मला चार ठोकळ्यांवर चढवलं, चाकं काढली आणि माझा पुढचा दांडा सोडवायला घेतला. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. पाना घसरला, त्याचं कोपर फुटलं, त्याने मला शिवी हासडली. मला बरं वाटलं. दोन बोल्ट त्याला कापूनच काढावे लागले. कारखान्यापासून माझ्या छातीखाली असलेला तो दांडा दोघांनी ओढत नेला आणि भिंतीपाशी टाकला. माझ्याच डोळ्यांदेखत मिस्त्री त्यावर बसून चहा प्यायले.

काम मात्र त्याने चोख केलं, हे कबूल करताना मला जड जातं. चासीवरचा जुना गंज घासून लख्ख केला. नवी आडवी पट्टी मध्यावर आहे की नाही हे दोरी लावून तीन वेळा मोजलं. खालच्या हातांचे बोल्ट त्याने चाकं लोंबकळत असताना घट्ट आवळले नाहीत. मला जमिनीवर उतरवलं, पुढून दोनदा दाबून हलवलं, वजन नीट बसू दिलं आणि मगच आवळले. आधी आवळले असते तर आतलं रबर पिळवटून फाटलं असतं. घाईचे लोक हीच चूक करतात. मिस्त्रींनी तोंडातली काडी या गालातून त्या गालात फिरवली आणि म्हणाले, "हं. जमलंय." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणी ऐकलेली नाही.

मग मिस्त्री चार पावलं मागे गेले, मला एका बाजूने न्याहाळू लागले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पुढून चार बोटं खाली आलीये रे."

"येणारच. त्यासाठीच तर केलं."

"आणि मागं? मागचं आता वर गेलंय. हौदा पुढं उतरता झालाय. घोड्यावरची काच कुठं जाईल?"

धाकट्याला बापाचं वाक्य आठवलं असणार, कारण त्याचा चेहरा पडला. "मागं पण चार बोटं खाली घ्यायला हवं," तो म्हणाला. "पण मागचं तिचं आहे. हात लावलास तर हात तोडीन, असं लिहून दिलंय तिनं."

"मग तिला जाऊन सांग."

"तुम्ही सांगा ना, मिस्त्री. तुमचं ऐकते ती."

मिस्त्रींनी तोंडातली काडी काढून फेकली. "दोन वर्षं मी तुमचे निरोप वाहतोय. मी काय तुमच्या घरचा पोस्टमन आहे? दीडशे पावलांवर दुकान आहे. तोंड घेऊन जा आणि सांगून ये." आणि त्यांनी हात झटकले.

रविवारी धाकट्याने मला गावाबाहेरच्या वळणांच्या रस्त्यावर नेलं. मित्रांनो, इथे मला एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे. मला मजा आली. पहिल्या वळणावर मी सवयीने कलायला निघाले तर कललेच नाही. डावं चाक खड्ड्यात गेलं आणि उजव्याला पत्ताही लागला नाही. ब्रेकला त्याने नुसता पाय लावला की मी जागच्या जागी. इतकी वर्षं मी रस्त्याशी भांडत चालले होते, त्या दिवशी पहिल्यांदा चालले. तो एकटाच केबिनमध्ये मोठ्याने हसला. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि थोडा वेळ तो आलाच नाही.

संध्याकाळी त्याने मला दुकानासमोर उभं केलं. दुकानाच्या मागच्या खोलीत दिवा होता, ताई आत होती. तो माझ्यातून उतरला, दाराच्या दिशेने तीन पावलं गेला आणि थांबला. मग परत येऊन केबिनमध्ये बसला आणि चिठ्ठी लिहू लागला. मी मनात म्हटलं, अरे गाढवा, दार समोर आहे.

चिठ्ठी त्याच्या त्याच थाटाची. 'कळवण्यात येते की माझ्या हिश्श्याच्या पुढच्या भागात मी माझ्या मर्जीने सुधारणा केली आहे. याबाबत कोणाची परवानगी घेण्याची मला गरज वाटत नाही. बाबांच्या मागे या गाडीची काळजी फक्त मीच घेतो हे जगजाहीर आहे.' असा चार ओळींचा तोरा मिरवून झाल्यावर, अगदी तळाला, जागा संपत आली तेव्हा: 'मागचे पाटे बदलेपर्यंत मोठी काच लादू नकोस. पुढे सरकेल.'

सोमवारी सकाळी ताई आली. माझ्याकडे बघितल्याबरोबर तिच्या नाकपुड्या फुगल्या. "नाक घासत उभी केलीये गाडी," ती दुकानातल्या दोन कामगारांना म्हणाली. "याला बाबांची एक गोष्ट जशीच्या तशी ठेवायची नाही." तिने झडपेतली चिठ्ठी काढली, 'कळवण्यात येते' वाचलं, पुढे 'माझ्या मर्जीने' वाचलं आणि बोळा करून कप्प्यात कोंबला.

आयुष्यभर काच हाताळलेली बाई ती. हौदा उतरता झालाय हे तिला एरवी शंभर पावलांवरून दिसलं असतं. पण ती रागाने बघत होती, आणि रागाने बघणाऱ्याला कोणी केलं एवढंच दिसतं. काय झालं हे बघायला तिने मान वाकवलीच नाही.

त्या दिवशीची काच महिन्याभरातली सगळ्यात मोठी होती. औषधांच्या दुकानाची दर्शनी काच, माणसापेक्षा उंच आणि बोटभर जाड. दोन्ही कामगार आणि ताई, तिघांनी मिळून ती घोड्यावर चढवली आणि दोन पट्टे आवळले. पट्ट्यांनी काच घोड्याला चिकटून राहते, पण पुढेमागे सरकण्यावर त्यांचा फारसा इलाज नसतो. काच माझ्या पाठीवर बसली आणि मला कळलं. ती मागच्या रबराला टेकली नव्हती. तिचा भार पुढच्या बारीक पट्टीवर होता, बरोबर ताईच्या पाठीमागे.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. एवढं वैर मनात धरूनही ओरडले असते. बापाच्या मांडीवर बसून माझा हॉर्न वाजवणारी मुलगी होती ती.

कामगार पुढे चालत निघाले होते. ताईने मला सुरू केलं आणि गल्ली उतरायला लागली. पुढे काय झालं त्यातला गॅरेजमधला भाग मला नंतर मिस्त्रींच्या बोलण्यातून कळला. त्यांनी कामगारांना जाताना बघून विचारलं होतं, "आज काय मोठं काम?" ते म्हणाले, "औषधवाल्याची काच." मिस्त्रींनी वळून धाकट्याला विचारलं, "सांगितलंस ना तिला?" तो म्हणाला, "लिहिलंय." मिस्त्री म्हणाले, "वाचते का ती?" आणि धाकट्याच्या हातातला पाना खाली पडला.

मला दिसलं ते एवढंच, की तो गॅरेजमधून पळत रस्त्यावर आला. दोन्ही हात हलवत, गल्ली चढत, ओरडत. "ताई! थांब! काच! ताई!"

दोन वर्षांनी त्याने तिला हाक मारली होती. आणि तिला वाटलं, हा आता भर रस्त्यात भांडायला आला. तिने उजवीकडे झुकून खिडकीची काच भराभर वर चढवली. त्याचा आवाज बंद झाला. ती थांबणार नाही हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा तो बाजूला झाला नाही. तो माझ्या समोर येऊन उभा राहिला.

ताईने ब्रेक दाबला. जुने ब्रेक असते तर मी त्याला चिरडून पुढे गेले असते. नवे ब्रेक त्याने स्वतःच्या हातांनी बसवले होते. मी त्याच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर खिळल्यासारखी थांबले. पण माझ्या पाठीवरची काच थांबली नाही. ती बारीक पट्टी काडीसारखी तुटली आणि काच केबिनची मागची खिडकी फोडून आत आली.

खिडकी चढवायला झुकलेली ताई अजून उजवीकडेच होती, म्हणून मान वाचली. डावा हात स्टिअरिंगवर होता. काच खांद्यापासून मनगटापर्यंत उतरली.

धाकट्याने दार उघडलं. माझ्या सीटवर सगळीकडे रक्त आणि काचा. ताई पांढरीफटक पडली होती, पण नजर तशीच जळती.

"काय बोंबलत होतास?" तिने विचारलं.

"काच पुढं सरकेल म्हणत होतो."

"हे आधी नाही सांगायचं?"

"चिठ्ठीत लिहिलं होतं."

"तोंड नव्हतं का तुला?"

"आणि तुला डोळे नव्हते का?" तो ओरडला आणि तसाच ओरडता ओरडता रडायला लागला. मिस्त्री धावत आले. त्यांनी त्याला ढकलून बाजूला केलं, कमरेचा पट्टा काढून तिच्या दंडाला करकचून बांधला आणि म्हणाले, "भांडा नंतर. मेलात दोघं तरी मला फरक पडत नाही, पण माझ्या दारात नको."

दुसऱ्या गाडीने तिला नेलं. मला त्यांनी ढकलत कडेला लावलं आणि मी तिथेच तीन आठवडे उभी राहिले. कोणी काचा झाडल्या नाहीत. सीटवरचं रक्त वाळून काळं झालं, मागच्या फुटक्या खिडकीतून धूळ आत येत राहिली. येणारे-जाणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हीच ती गाडी." जसं काही मीच तिच्यावर टपून बसले होते! माझ्यात काय बदललंय हे दोन माणसांना ठाऊक होतं. एकाने लिहिलं, एकाने हात झटकले. आणि जिने चालवायचं होतं तिने चुरगाळलं. नाव मात्र माझं झालं.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. मला नियमित धुवा, पुसा, तेलपाणी करा, असं मी म्हणणार नाही. धुऊन पुसून माझं भलं झालेलं मला आठवत नाही. माझं मागणं एवढंच आहे, की दुसरा कोणी जी वस्तू वापरणार आहे तिच्यात तुम्ही काही बदल केलात, तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि स्पष्ट सांगा. भांडण असलं तरी सांगा. तो दार लावून घेईल, तर दार ठोका. त्याने ऐकलं हे दिसेपर्यंत हलू नका.

पुढचंही ऐकायचं असेल तर ऐका. चौथ्या आठवड्यात धाकट्याने माझा मागचा भाग चार बोटं आणि त्याहून थोडा आणखी खाली घेतला, म्हणजे हौदा पुन्हा मागे उतरता झाला. घोड्याच्या पुढच्या टोकाला त्याने लोखंडी अडसर बसवला. ताई हात गळ्यात बांधून समोर खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक नटाला नाव ठेवत होती. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. गिअर टाकता येत नाही, काच कापताना पट्टी दाबून धरता येत नाही. कापायचं काम तिचे कामगार करतात आणि ती त्यांच्या डोक्यावर मिरे वाटते. गाडी धाकटा चालवतो. रोज सकाळी सात वाजता येतो आणि नऊ वाजता गॅरेजला जातो.

तो चावी लावतो, पण फिरवत नाही. ती शेजारी बसलेली असते, समोर बघत. "बोल," ती म्हणते.

"पुढच्या चाकांत हवा बघितली. खालच्या हातांचे नट आवळले. ब्रेकचं तेल थोडं कमी होतं, घातलं. बाकी कशाला हात लावला नाही."

"चल."

असं बरेच दिवस चाललं. प्रेमाचा एक शब्द नाही, हसणं नाही. मलाही त्याची गरज वाटली नाही. मग परवा सकाळी तो सगळं सांगून झाल्यावर तिच्याकडे वळला. "आता तू बोल," तो म्हणाला.

"मी काय बोलू? सहा काचा आहेत, चार लहान, दोन मध्यम. पट्टे तीन."

"आणि?"

उजव्या हाताने ती डाव्या हाताची दोन बोटं मिटवून बघत होती. मिटवली की ती पुन्हा सरळ होत होती.

"बाबा गेले त्याच्या आदल्या रात्री तू फोन केला होतास," ती म्हणाली. "तेव्हा बाबांना श्वास घेता येत नव्हता. मी तुला म्हटलं, बरे आहेत, सावकाश ये. मला वाटलं, सकाळपर्यंत उतार पडेल. उगाच तुला कशाला घाबरवायचं." तिने बोटं सोडून दिली. "तू उशिरा आला नव्हतास. मी उशिरा सांगितलं."

धाकटा स्टिअरिंगकडे बघत राहिला. मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "बरं. कळलं."

"चल," ताई म्हणाली.

त्याने चावी फिरवली. मी इतकी वर्षं सकाळी चार वेळा खोकल्याशिवाय कधी चालू झालेली नाही. त्या दिवशी पहिल्याच फिरवण्यात चालू झाले.